डीकोडर नेमका कुठे बसतो? घरातल्या सराउंड साउंडचा इतिहास, मागच्या बाजूने वाचलेला

मी चौथीत असताना आमच्या घरी पहिला डीव्हीडी प्लेअर आला. त्याच्या पुढच्या पट्टीवर दोन डी-अक्षरांचं चिन्ह होतं आणि खाली लिहिलं होतं 'डॉल्बी डिजिटल'. बाबा म्हणाले, "आता थिएटरसारखा आवाज येणार." लाल-पांढरी-पिवळी वायर टीव्हीला जोडली, सिनेमा लावला आणि आवाज आला तो टीव्हीच्याच दोन स्पीकरमधून, रोजच्यासारखा. दुकानदाराने फसवलं असं घरात पुढे बरीच वर्षं बोललं जायचं. प्लेअरच्या मागे नारिंगी रंगाचं आणखी एक सॉकेट होतं. त्यात आम्ही कधीच काही जोडलं नाही, कारण ते कशासाठी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

पीएचडीसाठी ध्वनी-संकेतनाचा इतिहास वाचायला लागल्यावर कळलं की दुकानदाराने फसवलं नव्हतं आणि ते चिन्हही खोटं नव्हतं. आम्ही चिन्हाचा अर्थ चुकीचा लावला होता. आजची पोस्ट त्याच गोंधळाबद्दल आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी ती लिहितेय, कारण तोच गोंधळ मी माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यातही केला होता. आणि या वेळी दोष द्यायला दुकानदारही नव्हता.

आधी शब्द नीट करून घेऊ

'डीकोडर' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. पहिलं काम म्हणजे एकमेकांत मिसळलेले आवाज वेगळे करणं. चार चॅनल दोनात मिसळून पाठवले असतील तर त्या दोनांतून चार परत काढायचे. याला मॅट्रिक्स डीकोडिंग म्हणतात. दुसरं काम म्हणजे दाबून लहान केलेला डिजिटल डेटा उलगडणं. यात चॅनल मिसळलेले नसतात, फक्त त्यांची माहिती कमी जागेत बसवलेली असते.

जुन्या जाहिराती वाचताना हा फरक हातातून निसटतो. १९८८ सालचा 'सराउंड डीकोडर' आणि १९९८ सालचा 'सराउंड डीकोडर' ही नावं सारखी आहेत, पण यंत्रं वेगळी आहेत. जुना शब्द आजच्या अर्थाने वाचणं ही इतिहासातली सगळ्यात सोपी चूक. आम्ही विज्ञानवाले ती हमखास करतो, कारण आमच्याकडे संज्ञेची व्याख्या एकदा ठरली की ठरली अशी समजूत असते.

१९७० चं दशक: डीकोडरवर लावलेली पैज

घरात चार स्पीकर लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे क्वाड्राफोनिक ध्वनी. तबकडीच्या खोबणीला दोन बाजू, म्हणजे चॅनल दोनच. मग चार कसे बसवायचे? सीबीएसची एसक्यू आणि सान्सुईची क्यूएस या दोन पद्धतींनी मॅट्रिक्सचा मार्ग घेतला, पण दोघांची मिसळण्याची रीत वेगळी होती. जेव्हीसीच्या सीडी-४ पद्धतीने तिसराच मार्ग काढला. तिने मागच्या चॅनलची माहिती ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवली. माणसाला ऐकू येतं साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत. म्हणजे ही माहिती कानाला ऐकूच येणार नाही अशा पट्ट्यात लिहिलेली. ती वाचायला खास सुई लागायची.

विचार करा, ग्राहकाला काय निवडायचं होतं? नुसतं यंत्र नव्हे. पुढची दहा वर्षं कुठल्या कंपनीच्या तबकड्या विकत घ्यायच्या तेही त्यात आलं. दशक संपता संपता क्वाड्राफोनिकही संपलं. त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे 'लोकांना चार स्पीकर नको होते'. पण पुढे याच लोकांनी पाच स्पीकर आनंदाने लावले, तेव्हा हे स्पीकरच्या संख्येचं कारण तपासून घ्यायला हवं. डीकोडर घेणं म्हणजे एका बाजूवर पैज लावणं होतं, हे कारण मला जास्त वजनदार वाटतं.

सिनेमाच्या फिल्ममधून आलेली भेट

१९७० च्या दशकाच्या मध्यावर डॉल्बी स्टिरिओ थिएटरमध्ये आलं आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मुळे सर्वांना माहीत झालं. ३५ मिलिमीटर फिल्मवर ध्वनीसाठी दोन पट्ट्या, त्यांत मिसळलेले चार चॅनल: डावा, मध्य, उजवा आणि मागचा (सराउंड). सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर किंवा लेझरडिस्कवर आला की बऱ्याचदा त्याच दोन पट्ट्या घरी यायच्या. म्हणजे सराउंडची माहिती आधीच लोकांच्या कपाटात येऊन पडलेली! १९८२ पासून ती बाहेर काढणारे घरगुती डीकोडर 'डॉल्बी सराउंड' या नावाने मिळू लागले.

इथे ग्राहकाची पैज जवळजवळ नाहीशी झाली. नवी डिस्क नको, नवा प्लेअर नको. स्टिरिओ आवाज देणारा प्लेअर पुरेसा होता आणि डीकोडर त्याच्या पुढे, अँप्लिफायरच्या बाजूला बसायचा. प्लेअरला यातलं काहीच कळत नव्हतं, कळायची गरजही नव्हती.

आता थोडं गणित, घाबरू नका. डावा म्हणजे डा, उजवा उ, मध्य म आणि मागचा मा. मिसळताना मध्य चॅनल ३ डेसिबलने कमी करून, म्हणजे ०.७ ने गुणून, दोन्ही पट्ट्यांत सारखाच टाकतात. मागचा चॅनलही तसाच कमी करून टाकतात, पण दोन पट्ट्यांत एकमेकांच्या उलट कलेत. कला सरकवण्याचा तपशील सोडून देऊ. सोप्या रूपात असं:

पहिली पट्टी = डा + ०.७ म + ०.७ मा
दुसरी पट्टी = उ + ०.७ म − ०.७ मा

दोन्हींची बेरीज केली की मा कटतो आणि मध्य मिळतो. वजाबाकी केली की म कटतो आणि मागचा मिळतो. छान! पण समजा फक्त डाव्या बाजूला कोणीतरी दार आपटलं, म्हणजे फक्त डा आहे. मग बेरजेतही डा आला आणि वजाबाकीतही डा आला. दाराचा आवाज डावीकडून तर येईलच, पण फक्त ३ डेसिबलने कमी होऊन मधल्या आणि मागच्या स्पीकरमधूनही येईल. बीजगणिताच्या भाषेत, दोन समीकरणांतून चार अज्ञातं निघत नाहीत. डीकोडर कितीही महाग असला तरी हा नियम बदलत नाही.

मग अभियंत्यांनी काय केलं? त्यांनी कानाची मदत घेतली. मागच्या स्पीकरचा आवाज सुमारे २० मिलीसेकंद उशिरा सोडला. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर आधी पोचलेल्या दिशेने तो आल्यासारखा आपल्याला वाटतो. त्यामुळे मागे झिरपलेला संवादही पुढूनच आल्यासारखा वाटतो. मागच्या चॅनलमधले सुमारे ७ किलोहर्ट्झच्या वरचे सूरही कापून टाकले, कारण दोन पट्ट्यांत जरा जरी फरक पडला तरी तारस्वरातले 'स' आणि 'श' वजाबाकीत नीट कटत नाहीत आणि मागे फुसफुस ऐकू येते. १९८७ मध्ये आलेल्या 'प्रो लॉजिक'ने आणखी एक पाऊल टाकलं. या क्षणी कुठल्या दिशेचा आवाज वरचढ आहे हे सतत ओळखायचं आणि इतर स्पीकरमध्ये झिरपलेला तोच आवाज खोडायचा. एका वेळी एकच दिशा वरचढ असेल तर हे उत्तम चालतं. दोन दिशांना सारखाच गोंगाट असेल तर डीकोडरची तारांबळ उडते.

लेझरडिस्क: एकच डिस्क, दोन वाटा

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सर्वांत शिकवणारं पान लेझरडिस्कचं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली ही ताटाएवढी डिस्क. तिच्यावर चित्र अॅनालॉग, दोन अॅनालॉग ध्वनी-चॅनल, आणि पुढे त्यांच्या जोडीला सीडीसारखा दोन चॅनलचा डिजिटल ध्वनी असायचा. १९९० च्या दशकात सहा चॅनलचा डिजिटल ध्वनी थिएटरात पोचला. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये 'बॅटमन रिटर्न्स'सोबत आलं, डीटीएस १९९३ मध्ये 'ज्युरासिक पार्क'सोबत. आता तो या जुन्या डिस्कवर बसवायचा होता. पण डिस्कवर नवी जागाच नव्हती. कोणाला तरी उठवावं लागणार होतं.

डॉल्बीच्या एसी-३ ने उजव्या अॅनालॉग चॅनलला उठवलं. त्याच्या जागी सुमारे २.८८ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर सेकंदाला ३८४ किलोबिट डेटा चढवला. फायदा असा की डिस्कवरचा नेहमीचा डिजिटल स्टिरिओ शाबूत राहिला, डिजिटल ध्वनी वाजवणाऱ्या जुन्या प्लेअरवर सिनेमा पूर्वीसारखाच ऐकू यायचा. तोटा असा की हा डेटा प्लेअरच्या नेहमीच्या कुठल्याच सॉकेटमधून बाहेर पडत नव्हता. त्यासाठी 'एसी-३ आरएफ' नावाचं खास सॉकेट असलेला प्लेअर हवा, त्यापुढे आरएफ डीमॉड्युलेटर हवा आणि मग डीकोडर.

डीटीएसने उलट केलं. त्याने डिजिटल स्टिरिओलाच उठवलं आणि त्याच्या जागी स्वतःचा दाबलेला डेटा भरला. प्लेअरला वाटायचं आपण साधा डिजिटल आवाज वाजवतोय. त्यामुळे डिजिटल आउटपुट असलेला जुना प्लेअरही तो डेटा जसाच्या तसा पुढे पाठवायचा. खास सॉकेट नको, डीमॉड्युलेटर नको, फक्त डीटीएस डीकोडर हवा. पण तो नसेल तर डिजिटल बाजूने नुसती खरखर ऐकू यायची आणि अॅनालॉग चॅनलवर समाधान मानावं लागायचं.

आता १९९७ च्या सुमारास दुकानात उभ्या असलेल्या अमेरिकन ग्राहकाच्या जागी स्वतःला ठेवा. 'एसी-३ चांगलं की डीटीएस?' हा प्रश्न त्याच्यासाठी निव्वळ आवाजाच्या गुणवत्तेचा नव्हता. माझ्या प्लेअरला आरएफ सॉकेट आहे का? नसेल तर जाणकार तंत्रज्ञाकडून बसवून घेऊ का? डीमॉड्युलेटर रिसीव्हरच्या आतच आहे की वेगळा डबा घ्यायचा? त्यात गंमत म्हणजे आरएफ आणि साधा डिजिटल कोॲक्सियल ही दोन्ही सॉकेटं दिसायला सारखीच. वायर बसते, पण आवाज येत नाही! आकार जुळला म्हणजे संकेत जुळतोच असं नाही.

डीव्हीडी आणि ते नारिंगी सॉकेट

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत आली. तिच्यात सहा चॅनलसाठी सुरुवातीपासूनच जागा होती. मग प्रश्न उरला तो हा, की डीकोडर प्लेअरमध्ये घालायचा की रिसीव्हरमध्ये?

हा हिशेब स्वतः करून बघा. सहा चॅनल, सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट. एस/पीडीआयएफ ही घरगुती डिजिटल वायर बनली होती दोन चॅनलसाठी, म्हणजे याच हिशेबाने सुमारे १५ लाख बिटांसाठी. उलगडलेले सहा चॅनल त्या वायरमधून जाऊच शकत नव्हते. पण दाबलेला डॉल्बी डिजिटल डेटा डीव्हीडीवर जास्तीत जास्त ४४८ किलोबिट, म्हणजे तो आरामात जातो. म्हणून एकच वायर वापरायची तर डेटा दाबलेलाच पाठवायचा आणि डीकोडर वायरच्या पलीकडे, रिसीव्हरमध्ये ठेवायचा. प्लेअरमध्येच उलगडायचं तर मागे सहा वेगळ्या अॅनालॉग वायरी ओढायच्या.

दोन्ही प्रकारचे प्लेअर विकले गेले. ज्यांच्याकडे सहा अॅनालॉग इनपुट असलेला, पण डीकोडर नसलेला रिसीव्हर होता, त्यांना प्लेअरमधला डीकोडर सोयीचा होता. मात्र त्यात एक आडवळण होतं. स्पीकर किती लांब आहे, लहान आहे की मोठा, खर्जाचा आवाज कोणी वाजवायचा, हे सगळं डीकोडिंगनंतर जुळवायचं असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे स्पीकरमध्ये एक मीटरचा फरक असेल तर जवळपास ३ मिलीसेकंदांचा फरक पडतो. रिसीव्हरमध्ये ही जुळवाजुळव असायची, पण सहा अॅनालॉग वायरींतून आलेला आवाज बहुतेक रिसीव्हर जसाच्या तसा पुढे सोडायचे. मग ती सोय प्लेअरमध्ये किती आहे यावर सगळं अवलंबून. ज्याला खोलीची माहिती आहे त्याच्याकडेच डीकोडर असावा, हे तत्त्व लक्षात ठेवा. पुढे ते परत येणार आहे.

आणि आमच्या घरचं कोडं? प्रत्येक डीव्हीडी प्लेअरला डॉल्बी डिजिटल उलगडून निदान दोन चॅनलमध्ये मिसळता यावं लागायचं, नाहीतर साध्या टीव्हीवर सिनेमा ऐकूच आला नसता. चिन्ह त्या क्षमतेचं होतं. सहा चॅनलचा डेटा बाहेर पडायचा त्या नारिंगी सॉकेटमधून, आणि पलीकडे डीकोडर असलेला रिसीव्हर आमच्याकडे नव्हता. डिस्कच्या वेष्टणावरही तेच. 'डॉल्बी डिजिटल' हे संकेतनाचं नाव आहे, चॅनलच्या संख्येचं नाही. जुन्या सिनेमांच्या कितीतरी डीव्हीडींवर एकाच चॅनलचा डॉल्बी डिजिटल ध्वनी आहे.

डीकोडरचा झोका

यापुढचा प्रवास भराभर सांगते. १९९९ मध्ये एसएसीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. त्यांचा उच्च दर्जाचा सहा चॅनलचा ध्वनी एस/पीडीआयएफमधून जात नव्हता. वायरची क्षमता कमी होती आणि कंपन्यांना नकलेची भीतीही होती. म्हणून डीकोडर परत प्लेअरमध्ये गेला आणि सहा अॅनालॉग वायरी परत आल्या. मग एचडीएमआय आली. या वायरमध्ये उलगडलेले आठ चॅनलही मावतात. २००६ मध्ये ब्लू-रे आली तेव्हा एकाच वायरवर दोन पर्याय झाले: प्लेअरने उलगडून पाठवायचं किंवा दाबलेलं तसंच पाठवायचं. प्लेअरने उलगडण्यात एक फायदा होता. मेनूचे टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाचं भाष्य सिनेमाच्या आवाजात मिसळणं त्यालाच शक्य होतं. २०१४ मध्ये डॉल्बी अॅटमॉस घरात आलं आणि झोका पुन्हा फिरला. त्यात काही आवाज ठरावीक स्पीकरसाठी नसतात. त्यांच्यासोबत 'हा आवाज खोलीत अमुक जागी हवा' अशी माहिती असते. तो कुठल्या स्पीकरमधून वाजवायचा हे खोली माहीत असलेलं यंत्रच ठरवू शकतं. म्हणून डीकोडर परत रिसीव्हरमध्ये आला.

माझी चूक

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक सुबक आलेख होता. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर चॅनलची संख्या. दोन, चार, सहा, आठ अशी चढती रेघ. गाईड मॅडमनी तो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हा कोणाच्या घरातला आलेख आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आलेख जाहिरातींच्या आणि तांत्रिक विनिर्देशांच्या आधारे काढला होता. काय शक्य आहे हे त्यात होतं. एखाद्या माणसाने हातातल्या पैशांत, हातातल्या जुन्या यंत्राला काय जोडलं असतं हे त्यात नव्हतं. मग मी साधनं बदलली. यंत्रांच्या मागच्या बाजूचे फोटो, वापराच्या पुस्तिकांमधल्या जोडणीच्या आकृत्या आणि सर्व्हिस मॅन्युअलमधले ब्लॉक डायग्राम वाचायला घेतले. यंत्राची पुढची बाजू विक्रेत्याची भाषा बोलते. मागची बाजू सांगते की हे यंत्र बनवणाऱ्याने ग्राहकाच्या घरात आधीपासून काय असेल असं गृहीत धरलं होतं. सहा अॅनालॉग इनपुट असलेला, पण डीकोडर नसलेला रिसीव्हर म्हणजे 'मानक अजून ठरलेलं नाही, जरा थांबा' असं लोखंडात लिहिलेलं वाक्य.

त्यातून माझा युक्तिवाद बदलला. डीकोडर प्लेअरमध्ये की रिसीव्हरमध्ये, हा प्रश्न आवाजाच्या दर्जावर क्वचितच सुटला. मधल्या वायरमध्ये काय मावतं, काय पाठवायला परवानगी आहे आणि खोलीची माहिती कोणाकडे आहे, या तीन गोष्टींनी तो दर वेळी नव्याने ठरवला. आलेखातली चढती रेघ मी काढून टाकली. तिच्या जागी आता एक तक्ता आहे. प्रत्येक ओळीत एक वायर आणि तिच्या दोन्ही टोकांना काय होतं ते.

तुमचा विषय ध्वनीचा नसेलही. पण कुठल्याही उपकरणाचा, पद्धतीचा किंवा मानकाचा इतिहास लिहायला बसलात तर सुरुवातीला हे प्रश्न वहीत लिहून ठेवा. ही संज्ञा त्या वर्षी कशाला म्हणत होते? वापरणाऱ्याकडे आधीपासून काय होतं? दोन भागांच्या मधून नेमकं काय जात होतं? आणि चुकीची निवड झाली तर भुर्दंड कोणाला पडत होता?

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा माळ्यावरून तो जुना प्लेअर काढला. नारिंगी सॉकेटवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिकचं टोपण अजून तसंच होतं. मी त्याचा फोटो काढला आणि तारीख, मॉडेल क्रमांकासह माझ्या साधनांच्या यादीत टाकला. बाबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अजून एक डबा घ्यायला हवा होता. हे तेव्हा कोणी सांगितलं नाही."